आंबोली चढल्यावर काजूचं वजन खरंच उतरतं का? (वस्तुमान, वजन आणि 'जी')

काजूबाग
वेंगुर्ल्यात ६० किलोच्या प्लॅटफॉर्म काट्यावर बरोबर ५० किलो भरलेली सुकी काजू बी. गोण शिवून, आंबोली घाटाने आजऱ्याकडे. तिथल्या काट्यावर तीच गोण ४९ किलो ६०० ग्रॅम. दोन्ही काट्यांवर चालू वर्षाचं मुद्रांकन (सरकारी पडताळणीचा शिक्का) आहे, गोण कुठे उसवलेली नाही. "उंचावर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून वजन कमी" असं कारण सांगितलं जातं आणि शाळेच्या पुस्तकातही तसं आहेच. माझे प्रश्न दोन. ४०० ग्रॅम गुरुत्वाने जाऊ शकतात का? आणि जात असतील तर काजू कमी झाला की नुसता आकडा?

लंबक
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण गोंधळ तिथे आहे.

गोणीत माल किती आहे ते वस्तुमान. ते वेंगुर्ल्यात, आंबोलीत, चंद्रावर एकच. पृथ्वी ती गोण किती जोराने खाली ओढते ते वजन. ते बल आहे, त्याचं एकक न्यूटन. वेंगुर्ल्याला गुरुत्वत्वरण (पुढे नुसतं 'जी' म्हणतो) ९.७८४ मी/से² आहे, म्हणून ५० किलोच्या गोणीचं वजन सुमारे ४८९ न्यूटन. तुमचा काटा हे ४८९ न्यूटनच मोजतो. मग त्याला एका ठरावीक आकड्याने भागून पडद्यावर '५०.००' लिहितो. तो आकडा कॅलिब्रेशनच्या वेळी काट्यात बसवलेला असतो. म्हणजे काटा मोजतो वजन आणि सांगतो वस्तुमान.

आता ४०० ग्रॅम. वर चढताना जी दर ३.२ मीटरला दहा लाखांत एक भाग कमी होतो. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर. म्हणजे दहा लाखांत २१८ भाग. ५० किलोवर त्याचे होतात ११ ग्रॅम. आजऱ्याकडची जागा आंबोलीहून खाली असेल तर त्याहूनही कमी. चारशे ग्रॅम गुरुत्वाने घालवायचे तर गोण २५ किलोमीटर उंच न्यावी लागेल.

आणि हे ११ ग्रॅमसुद्धा *एकच* काटा खालून वर नेला तर दिसतील. दोन्ही काटे आपापल्या जागी प्रमाणित मापं ठेवून जुळवलेले असतील, तर वरच्या काट्याने वरचा जी आधीच हिशोबात धरलेला आहे. तिथे फरक शून्य यायला हवा.

घाटमाथा
लंबक सर, ११ ग्रॅम हा मोकळ्या हवेत वर गेल्याचा हिशोब झाला. विमानात किंवा फुग्यात. घाट चढताना पायाखाली सह्याद्रीचा ६९० मीटर जाडीचा कातळ येतो आणि तोही ओढतो. सपाट थर धरून सरासरी घनतेने काढलं तर उंचीने जितका जी जातो त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा हा खडक परत देतो. मग ५० किलोमागे ७ ग्रॅम उरतात. खरा आकडा ७ ते ११ च्या मध्ये कुठेतरी, कारण डोंगराखाली खोलवरची रचना सगळीकडे सारखी नाही.

लंबक
बरोबर, ती दुरुस्ती हवीच होती.

कडीतराजू
काजूबाग दादा, मुद्रांकन असलेला काटाही किती चुकू शकतो ते आधी पाहा. ६० किलो क्षमता आणि १० ग्रॅमचा सर्वात लहान भाग असलेल्या, अचूकतेच्या तिसऱ्या वर्गातल्या काट्याला ५० किलोवर पडताळणीच्या वेळी दीड भाग म्हणजे १५ ग्रॅम इकडेतिकडे चालतात. वापरात असताना त्याच्या दुप्पट, ३० ग्रॅम. दोन काटे उलट दिशांना टोकाला असले तरी आपसांत ६० ग्रॅम. तुमचे ४०० त्याच्या बरेच बाहेर आहेत, तेव्हा एक तर काटा बिघडलाय किंवा माल खरंच कमी झालाय.

काट्याची तपासणी या क्रमाने करावी:

पहिलं, पाणसळ. काट्याच्या कोपऱ्यातला बुडबुडा मध्ये आहे का बघा. काटा कलला की लोडसेलवर (काट्यातला भार जाणणारा भाग) पूर्ण वजन येत नाही, त्याचा उभा भागच येतो. २ अंश कलला तर ५० किलोला ३० ग्रॅम कमी. ५ अंश कलला तर १९० ग्रॅम कमी. शेणाने सारवलेल्या खळ्यात किंवा जांभ्याच्या ओबडधोबड फरशीवर ५ अंश डोळ्याला जाणवतही नाहीत. झिरो बटण दाबून हे जात नाही. झिरोने रिकाम्या काट्याचा आकडा शून्य होतो, मालावरचं प्रमाण चुकलेलं ते चुकलेलंच राहतं.

दुसरं, कोपरे. क्षमतेच्या एक तृतीयांश, म्हणजे २० किलोचं माप चारही चतकोरांत एकेक करून ठेवा. चारही आकडे १० ग्रॅमच्या आत जुळले पाहिजेत. एकाच कोपऱ्याला फरक येत असेल तर प्लॅटफॉर्मखाली काहीतरी टेकतंय: सुतळी, काजूची टरफलं, वाळलेला चिखल. मध्ये ठेवल्यावर बरोबर आणि कडेला ठेवल्यावर कमी, हे याचं ठरलेलं लक्षण.

तिसरं, स्पर्श. गोण भिंतीला किंवा शेजारच्या गोणीला टेकली की तिचं थोडं वजन तिकडे जातं.

चौथं, वारा. ४० बाय ४० सेंटिमीटरच्या प्लॅटफॉर्मवर छताच्या पंख्याचा ३ मीटर प्रतिसेकंदाचा झोत सरळ खाली आला तर ८० ग्रॅमच्या आसपास दाब पडतो. पंखा सुरू असताना झिरो केलं आणि गोण ठेवल्यावर झोताची दिशा बदलली की आकडा हलतो.

पाचवं आणि किनाऱ्यावर सर्वात नडणारं, ते म्हणजे खारी दमट हवा. लोडसेल म्हणजे अॅल्युमिनियमचा पोकळी कोरलेला ठोकळा आणि त्यावर चिकटवलेल्या चार स्ट्रेन गेज (ताणल्या की विद्युतरोध बदलणाऱ्या पट्ट्या). ठोकळा वाकतो तो मिलिमीटरच्या अंशाने. साधा सेल पूर्ण भाराला दर व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट देतो. ५ व्होल्ट पुरवठा धरला तर एकूण १० मिलिव्होल्ट. १०० किलोच्या सेलवर १० ग्रॅमचा वाटा येतो १ मायक्रोव्होल्ट. केबलच्या जोडावर, बोर्डावर मिठाचा ओलसर थर बसला की त्यातून गळणाऱ्या प्रवाहाने पडणारा फरक याच्या कितीतरी पट असतो. म्हणून पावसाळ्यात आकडा स्वस्थ राहत नाही, हळूहळू सरकतो.

तपासायला काटा बंद करून सेलची केबल सुटी करा. मल्टिमीटरने पुरवठ्याच्या दोन तारांत (बहुधा लाल-काळी) ४०० ओमच्या जवळ, सिग्नलच्या दोन तारांत (हिरवी-पांढरी) ३५० ओमच्या जवळ यायला हवं. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, आधी सेलवरची चिठ्ठी वाचा. कुठलीही तार आणि सेलचं धातूचं अंग यांच्यात हजारो मेगाओम हवेत. साध्या मल्टिमीटरवर तिथे काहीही आकडा उमटला तर ओल आत शिरली आहे. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवून पूर्ण वाळवा, केबलचा जोड सिलिकॉनने बंद करा. सेलच्या गेजवरचं रबरी आवरण फुगलं असेल तर तो सेल बदलायचा, दुरुस्त करत बसायचं नाही.

मात्र काट्याचं सील तोडून केलेल्या कुठल्याही कामानंतर वैधमापनशास्त्र विभागाकडून पुन्हा पडताळणी आणि मुद्रांकन लागतं. ते झाल्याशिवाय तो काटा व्यापारात चालत नाही.

काजूबाग
आभार. मग यापेक्षा जुनी तागडी बरी नाही का? तिला ना सेल, ना जी.

लंबक
जीच्या बाबतीत तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे. तागडीच्या दोन्ही पारड्यांवर एकच जी काम करतो, म्हणून तो दोन्ही बाजूंनी कटतो. तागडी वस्तुमानाशी वस्तुमान ताडून पाहते. तीच तागडी तीच मापं घेऊन चंद्रावर नेली तरी ५० किलो काजू ५० किलोच भरेल. स्प्रिंगचा किंवा लोडसेलचा काटा वेंगुर्ल्यात जुळवून तिथे नेला तर ८ किलो २८० ग्रॅम दाखवेल, कारण चंद्रावर जी १.६२ आहे.

इथे एक शब्द सांभाळायला हवा. "चंद्रावर ५० किलोचा माणूस ८ किलोचा होतो" असं सर्रास लिहिलं जातं. माणूस ५० किलोचाच राहतो. चांद्रयान-३ मधला प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा होता, तो २३ ऑगस्ट २०२३ ला उतरल्यावरही २६ किलोचाच होता. चाकांवर येणारा भार तेवढा सहापट हलका झाला. पण त्याला वेग द्यायला किंवा थांबवायला लागणारा जोर इथल्याइतकाच, कारण जडत्व वस्तुमानावर अवलंबून असतं, वजनावर नाही.

समांतर
तागडी जी कापते, पण हवा कापत नाही, आणि हा परिणाम आंबोलीपेक्षा मोठा आहे. वस्तू पाण्यात हलकी होते तशी हवेतही होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेचं वस्तुमान घनमीटरमागे १.१५ किलोच्या आसपास. पाण्याइतक्या घनतेचा ५० किलो माल ५० लिटर जागा घेतो, म्हणजे ५७ ग्रॅम हवा बाजूला सारतो. त्याच्यासमोरची ५० किलो लोखंडी मापं साडेसहा लिटरही जागा घेत नाहीत, ती ७ ग्रॅम हवा सारतात. ५० ग्रॅमचा फरक राहतो, आणि तागडीवर तसाच लोडसेलवरही राहतो.

व्यापारात हा धरत नाहीत आणि धरायची गरजही नाही, कारण घेणारा आणि देणारा दोघेही त्याच हवेत मोजतात. प्रयोगशाळेत दशांश मिलिग्रॅमपर्यंत जायचं तर ही दुरुस्ती टाळता येत नाही.

कडीतराजू
तागडीच्या स्वतःच्याही खोडी आहेत. मधली सुरी (दांडी जिच्यावर टेकते ती धार) झिजली की ती लहान फरकाला उत्तर देत नाही. दोन भुजांत एक हजारांश फरक असला तर ५० किलोला ५० ग्रॅम जातात. हे पकडायला माल आणि मापं पारडी बदलून ठेवा. दोन्ही वेळा काटा मध्ये आला तर भुजा सारख्या.

समुद्राकाठी बिडाच्या मापांना गंज चढतो, पोपडा पडला की माप हलकं होतं, आणि हलक्या मापाने मोजलं की गिऱ्हाईकाला माल कमी जातो. मापांची पडताळणी दर दोन वर्षांनी आहे, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी.

लंबक
काटा नेमका कुठे जुळवला हे किती महत्त्वाचं, त्याचे आकडे देतो. जी विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२. यातला मोठा वाटा पृथ्वीच्या फिरण्याचा (०.०३४), बाकीचा ती मध्ये फुगलेली असल्याचा. वेंगुर्ल्याचा अक्षांश १५.९, म्हणून आपला जी खालच्या टोकाजवळ. दिल्लीत तो ९.७९१५ च्या आसपास. दिल्लीत जुळवलेला लोडसेलचा काटा तसाच आणून वेंगुर्ल्यात मांडला तर ५० किलोला ३७ ग्रॅम कमी दाखवतो. वापरातली सूट ३० ग्रॅमची, म्हणजे बाहेर गेला. लंडनला जुळवलेला असेल तर १४० ग्रॅम. घाट चढण्यापेक्षा उत्तर-दक्षिण प्रवास जीला जास्त भोवतो.

म्हणून नवा काटा खोक्यातून काढून तसाच वापरू नये, जागेवर माप ठेवून जुळवून घ्यावा. काही इंडिकेटरच्या मेनूत कारखान्याचा जी आणि जागेचा जी असे दोन आकडे भरायची सोय असते. तिथे ९.८०६६५ दिसला तर तो १९०१ साली ठरवलेला प्रमाण जी आहे, आपल्याकडचा नव्हे.

दर्यावर
होडयेर काटो ठेवलो काय आकडो नुसतो नाचता. बंदरार येयसर थांबूक नको अशी काय सोय आसा काय?

लंबक
दर्यावर भाऊ, काटा बिघडलेला नाही, तो बरोबरच सांगतोय. लाटेच्या खळग्यातून होडी वर उचलली जायला लागते तेव्हा क्रेटला खालून जादा रेटा मिळतो, शेंड्यावरून खाली यायला लागते तेव्हा कमी. लिफ्ट सुटताना पायांवर भार वाटतो तेच. शेंड्यापासून खळग्यापर्यंत ६० सेंटिमीटर आणि ६ सेकंदांची लाट धरली तर हा चढउतार जीच्या ३.४ टक्के येतो. २० किलोचा मासळीचा क्रेट १९.३ ते २०.७ किलोच्या मध्ये झुलत राहणार.

उपाय दोन. एक, सरासरी. पाच-सहा पूर्ण लाटा, म्हणजे अर्धा मिनिट आकडे टिपून सरासरी काढा. लाट अर्धी सोडली तर सरासरीही चुकते. दोन, समुद्रावरच्या खास काट्यांत असतं ते: मुख्य प्लॅटफॉर्मशेजारी दुसरा छोटा सेल आणि त्यावर कायम बांधलेलं १ किलोचं माप. लाटेमुळे ते माप १.०३० दाखवत असेल त्याच क्षणी क्रेट २०.६० दाखवेल. भागाकार केला की २०.०० मिळतात. तागडीचीच युक्ती आहे, दोन्हींना एकच हेलकावा. नेहमीचा काटा 'होल्ड' करून वापरू नका, तो लाटेच्या कुठल्या क्षणी थबकेल याचा नेम नाही.

दर्यावर
समाजला. आनि नांगराचा? सिमेंटचो ठोकळो १०० किलोचो घातलो तरी होडी वडून नेता, लोखंडाचो लहान आसलो तरी धरता.

समांतर
पाण्यात वस्तुमान तेच, पण तळावर बसणारं वजन कमी. समुद्राचं पाणी १.०२५ घनतेचं धरा. काँक्रीट २.४ घनतेचं, म्हणून १०० किलोचा ठोकळा तळाला फक्त ५७ किलोच्या भाराने बसतो. काळा कातळ (२.९) ६५, लोखंड ८७, शिसं ९१. जाळ्याच्या तळदोरीला शिसं लावतात त्याचं हेच कारण, थोड्या जागेत जास्त भार. शिवाय लोखंडी नांगराचे हात रेतीत रुततात, ठोकळा मात्र नुसत्या घर्षणावर उभा असतो. १०० किलो लोखंडाइतका बुडीत भार काँक्रीटने हवा असेल तर ठोकळा १५२ किलोचा लागेल. ओढून वर काढताना पाण्याबाहेर आला की पूर्ण १५२ किलो हाताला येतात, तेव्हा कप्पी आणि दोर त्या हिशोबाने घ्या.

घाटमाथा
चंद्राचं ओढणं समुद्राला इतकं वर उचलतं, तर पुनवेला काट्यावरही परिणाम होत असेल ना? उधाणाच्या दिवशी माल हलका भरतो असं बंदरावर ऐकू येतं.

लंबक
परिणाम आहे, पण किती ते पाहा. चंद्र डोक्यावर असताना ५० किलोच्या गोणीचं वजन जास्तीत जास्त ६ मिलिग्रॅमने कमी होतं. तांदळाच्या दाण्याचा तुकडा. १० ग्रॅमचा काटा ते कधीच दाखवणार नाही. भरती येते ती समुद्र थेट वर उचलला गेल्याने नाही. चंद्राच्या ओढीतला जागोजागचा फरक पाण्याला आडवं सरकवतो, आणि अख्ख्या समुद्रावरचं ते बारीक सरकणं किनाऱ्याशी साचतं. पुनवेला आणि अमावास्येला सूर्याचा परिणाम चंद्राच्या बाजूने पडतो म्हणून उधाण, अष्टमीच्या सुमाराला आडवा पडतो म्हणून भांग (लहान भरती). सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पट जोराने ओढतो, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. भरती अंतराच्या घनाने उतरते आणि सूर्य फार लांब आहे.

उधाणाच्या दिवशी मासळी हलकी भरत असेल तर बर्फ किती आणि पाणी किती निथळलं ते पाहा.

काजूबाग
मूळ प्रश्नाकडे येतो. दोन्ही काटे पाणसळीत, कोपरे जुळलेले निघाले, तर ४०० ग्रॅम कुठे शोधायचे?

समांतर
ओलाव्यात. इथे वस्तुमानच खरोखर कमी होतं, पाणी उडून जातं. ९ टक्के ओलावा असलेल्या ५० किलो बीत कोरडा भाग ४५.५ किलो. ओलावा ८.३ टक्क्यांवर आला की तीच गोण ४९.६ किलो. ०.७ टक्का सुकायला तागाच्या गोणीला कोरड्या वाऱ्याचे, उन्हाचे थोडे दिवस बस होतात. अर्धवट वाळवलेली बी असेल तर हिशोब याहून वाईट: १८ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येताना १०० किलोचे ८९ होतात. तांबडा रस्ता, चेकपोस्ट, गुरुत्व, कशालाही दोष द्यायच्या आधी दोन्ही टोकांना ओलावा मोजा.

यंत्र नसेल तर गोणीच्या तोंडाच्या, मधल्या आणि तळाच्या अशा तीन जागांच्या मूठभर बिया फोडून, बारीक तुकडे करून, त्यातला १०० ग्रॅम नमुना वजन करून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. आकडा हलायचा थांबेपर्यंत दर तासाने तोला. जेवढे ग्रॅम गेले तेवढे टक्के ओलावा. टरफलातलं तेल तापून थोडं सुटतं, म्हणून दोन्ही टोकांचे नमुने एकाच वेळी एकाच ओव्हनमध्ये ठेवले तरच त्यांची तुलना खरी. नमुना आणेपर्यंत घट्ट झाकणाच्या बरणीत, नाहीतर वाटेतच सुकेल.

पूर्वी भात पायलीने, कुडवाने मोजत तेव्हा हा प्रश्न वेगळ्या रूपात होताच. पायली घनफळ मोजते, तिला जी लागत नाही, पण दाणे दाबून भरले की सैल, ओले की सुके यावर माल बदलतो.

घाटमाथा
अवांतर, पण याच विषयातलं. वेंगुर्ल्याच्या किंवा गुहागरच्या वाळूत उभं राहून कच्चा जीपीएस आकडा दाखवणारं अॅप उघडलं तर उंची साठ-सत्तर मीटर *उणे* येते. मोबाइल बिघडलेला नसतो. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून. समुद्र त्या आकारावर नाही, गुरुत्वाच्या समपातळीवर बसतो, आणि भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ही पातळी जगात सर्वात खाली, १०६ मीटर उणेपर्यंत दबलेली आहे. आपला किनारा त्या खळग्याच्या उतारावर येतो.

काजूबाग
हे माहीत नव्हतं. शाळेतल्या पोरांना जी इथेच मोजून दाखवायचा तर?

लंबक
न ताणणारा दोर, १ मीटर लांबी दोर टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या *मध्यापर्यंत*, गोळा शिशाचा किंवा लोखंडाचा, झोका ५ अंशांच्या आत. १०० पूर्ण झोके मोजा. आपल्याकडे २००.९ सेकंद यायला हवेत. दिल्लीत २००.८. हा फरक हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचवर पकडता येत नाही आणि लांबीत १ मिलिमीटर चूक झाली तरी तो पुसला जातो, हेही पोरांना आवर्जून सांगा. पण लंबकाच्या घड्याळात तो रोज साठतो: दिल्लीला जुळवलेलं घड्याळ कोकणात रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास मागे पडेल. १६७२ मध्ये झां रिशे पॅरिसचं घड्याळ विषुववृत्ताजवळ कायेनला घेऊन गेला, ते रोज अडीच मिनिटं मागे पडलं. जागेप्रमाणे जी बदलतो हे असं कळलं.

याला जोडून जडत्वाचा प्रयोग घ्या. करवतीचं पातं टेबलाच्या कडेला शिकंज्यात असं धरा की ते *आडवं* हलेल, मोकळ्या टोकाला ५०, १००, १५० ग्रॅम घट्ट बांधा, प्रत्येकी २० झोके मोजा. एका झोक्याच्या वेळेचा वर्ग आणि बांधलेलं वस्तुमान यांचा आलेख सरळ रेषेत येतो. मग एक दगड बांधून त्याचं वस्तुमान आलेखावरून वाचा. हलणं आडवं असल्यामुळे जी यात येत नाही. अंतराळ स्थानकात अंतराळवीरांचं वस्तुमान याच तत्त्वाने, स्प्रिंगवर झुलवून मोजतात. तिथे ४०० किलोमीटरवर जी इथल्या ८९ टक्के आहे, पण सगळेच एकत्र पडत असल्याने काट्यावर काही उमटत नाही.

काजूबाग
दोन्ही टोकांचा ओलावा तपासतो. काटा पडताळायला २० किलोची किती मापं लागतील?

कडीतराजू
एम-१ वर्गाची (मापांच्या अचूकतेचा एक वर्ग) दोन २० ची आणि एक १० चं. २० च्या मापाला १ ग्रॅम सूट, १० च्या मापाला अर्धा ग्रॅम. काटा सुरू करून २० मिनिटं तापू द्या, पूर्ण भार तीनदा ठेवून उचला, मग झिरो करून ५, २०, ४०, ५० असा चढता आणि तसाच उतरता क्रम घ्या. ५ ला वेगळं माप नसेल तर २० पासून सुरू केलं तरी चालेल. चढताना आणि उतरताना एकाच भाराला १० ग्रॅमहून जास्त फरक आला तर सेलचा स्क्रू ढिला असू शकतो. आणि मापांना उघड्या घामट हाताने धरू नका, कापड घ्या.